काडीमोडीचा बाँड म्हणजे घटस्फोट नव्हे

बेळगावच्या न्यायालयात वकिली करताना एकच चूक इतक्या वेळा समोर येते की, आता ती लिहूनच सांगावीशी वाटते. पंचांसमक्ष बाँडपेपरवर सह्या झाल्या आणि नोटरीचा शिक्का बसला की विवाह संपला, असे आपल्या सीमाभागात अजूनही मानले जाते.

खानापूर तालुक्यातील एक तरुण असाच बाँड लॅमिनेट करून माझ्याकडे घेऊन आला होता. त्यावर पाच पंचांच्या सह्या, पत्नीचा अंगठा आणि ‘दोन लाख रुपये पोचले, यापुढे पोटगी मागणार नाही’ असे वाक्य होते. त्या कागदाच्या भरवशावर त्याने चंदगडकडची मुलगी करून आणली आणि वर्षभरात पहिल्या पत्नीने पोटगीचा अर्ज केला. नोटरी सही कोणाची एवढेच प्रमाणित करतो; हिंदू विवाह न्यायालयाच्या हुकुमाशिवाय मोडत नाही. समाजाची रूढी असल्यास कायदा ती मानतो, पण ती पुराव्याने सिद्ध करावी लागते आणि येथे तसा पुरावा नव्हता. त्यामुळे दुसरा विवाह मुळातच रद्दबातल ठरत होता, शिवाय भारतीय न्याय संहितेच्या कलम ८२ खाली सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेची टांगती तलवार होती. निर्धास्तपणे नांदायला आलेल्या त्या दुसऱ्या मुलीचा यात काय अपराध होता, हा प्रश्न मला आजही छळतो.

पोटगी न मागण्याची अटही टिकत नाही, कारण कायद्याने दिलेला हक्क असा सोडून देणे लोकधोरणाविरुद्ध ठरते. मुलांची पोटगी तर आईला सोडताच येत नाही. एकरकमी रक्कम ठरली असेल, तर ती न्यायालयाच्या हुकुमात नोंदवून घ्यावी.

संमतीच्या घटस्फोटासाठी हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३-ब प्रमाणे वर्षभर वेगळे राहिलेले असावे लागते आणि अर्जानंतर सहा ते अठरा महिन्यांत दोघांनी न्यायालयात संमती कायम असल्याचा दुसरा जबाब द्यावा लागतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये हे सहा महिने योग्य प्रकरणात माफ करता येतात असे सांगितले. पण ‘साहेब, महिन्याभरात उरकून टाका’ म्हणणाऱ्यांचे प्रकरण आपोआप योग्य ठरत नाही. हुकूम होईपर्यंत कोणीही संमती मागे घेऊ शकते. म्हणून मी ठरलेल्या रकमेचा मोठा हिस्सा दुसऱ्या जबाबाच्या दिवशी, डिमांड ड्राफ्टने, न्यायाधीशांसमोरच देववतो.

मुलांच्या ताब्याची अट न्यायालय मुलांच्या हितासाठी केव्हाही बदलू शकते. छळाची फौजदारी फिर्याद तडजोडीच्या कागदाने मिटत नाही. ती रद्द करून घेण्यासाठी उच्च न्यायालयाच्या धारवाड पीठाकडे जावे लागते. तडजोडीचा मसुदा कन्नड किंवा इंग्रजीत असेल, तर मी त्याचा मराठी तर्जुमा दोन्ही घरी आठ दिवस ठेवायला देतो आणि त्याआधी कोणाचीही सही घेत नाही.