पाठीच्या दुखापतीची भरपाई, कंपनीचं अपील आणि मी

२०२१ मध्ये गोडाऊनमध्ये पोती उतरवताना माझ्या कमरेत कळ आली ती एवढी की जागेवरच बसलो, एमआरआयमध्ये एल४-एल५ या कमरेच्या मणक्यांमधली गादी सरकलेली निघाली. कंपनी म्हणाली हे जुनंच दुखणं.

कामगार न्यायालयात केस टाकली. हिशोब सरळ असतो, पगाराचे ६०% (पगार जास्तीत जास्त १५,००० धरतात) गुणिले कायद्याच्या तक्त्यात वयानुसार दिलेला आकडा, वय ४० असेल तर तो १८४.१७. माझी कमाईची क्षमता ४०% गेली असं धरून ६,६३,०१२ रुपये मंजूर झाले, वर १२% व्याज.

मग कंपनी हायकोर्टात गेली, मी घाबरलोच. पण वकील ताई म्हणाल्या, दादा, मालकाला आधी पूर्ण रक्कम भरावी लागते, त्याशिवाय अपील चालत नाही, आणि तिथे फक्त कायद्याचा महत्त्वाचा मुद्दाच बघतात.

खरी मदत झाली ती डॉक्टरांच्या साक्षीची. नुसतं अपंगत्वाचं सर्टिफिकेट देऊन थांबू नका हो, ‘या माणसाला आता वजन उचलता येणार नाही’ हे त्यांच्याकडून कोर्टात वदवून घ्या. सुप्रीम कोर्टाने १९७५ मध्येच प्रताप नारायण सिंग देव केसमध्ये एक हात गेलेल्या सुताराचं नुकसान १००% धरलं होतं, कारण एका हाताने सुतारकाम होत नाही, तोच निकाल ताईंनी दाखवला.

अपील फेटाळलं. पैसे खात्यात आले त्या दिवशी बायकोने पासबुक दोनदा वाचलं.