साताऱ्यात घरदुरुस्तीच्या किरकोळ कामांवर पोट भरायचं तर

साताऱ्यात प्लंबर आहेत, वायरमन आहेत, सुतारही आहेत. पण एक गळका नळ, एक निसटलेली बिजागरी आणि पडद्याचा एक रॉड एवढ्यासाठी यातलं कुणी चटकन येत नाही. नव्या बांधकामाचं काम अंगावर घेतलेल्या माणसाला अर्ध्या तासाच्या कामासाठी गाडी काढणं परवडत नाही. दुसरीकडे शाहूपुरी, सदर बझार, गोडोली भागात कितीतरी घरांत निवृत्त आई-वडील दोघंच राहतात आणि मुलं पुण्या-मुंबईला असतात. त्यांना तिन्ही कामं एकाच खेपेत करून देणारा, विश्वासाचा माणूस हवा असतो. हा धंदा तिथे आहे. मी हेच काम करतो. नव्याने येणाऱ्याला माझं सांगणं इतकंच की, लहान कामाचे पूर्ण पैसे घ्यायला शिका आणि आपलं नसलेल्या कामाला नाही म्हणायला शिका.

आधी हात तयार करा. आयटीआयला प्लंबरचा कोर्स 1 वर्षाचा, इलेक्ट्रिशियनचा 2 वर्षांचा असतो. जमत असेल तर जरूर करा. नाहीतर चांगल्या मिस्त्रीच्या हाताखाली राहा, पण नुसती हत्यारं उचलून देऊ नका. बिघाड शोधताना तो आधी काय बघतो, इकडे लक्ष ठेवा. दुरुस्ती हाताला सवयीने येते, बिघाड ओळखायला वेळ लागतो.

पावसाळ्यातलं दार घ्या. इथला पाऊस चिवट, त्यामुळे जुलै-ऑगस्टमध्ये ‘दार लागत नाही’ असे फोन सुरू होतात. नवखा पोरगा आला की लगेच रंधा काढतो. लाकूड ओल धरून फुगलेलं असतं. तेव्हा भरपूर तासलं की उन्हाळ्यात त्याच दाराला बोटभर फट पडते. म्हणून आधी बिजागऱ्यांचे स्क्रू बघायचे. पुष्कळदा दार फुगलेलं नसतंच, वरची बिजागरी ढिली होऊन ते खाली आलेलं असतं. स्क्रूचं भोक मोठं झालं असेल तर फेविकॉल लावून लाकडाची काडी ठोकायची आणि स्क्रू पुन्हा बसवायचा. तरीही घासत असेल तर दाराच्या कडेला खडू फासून दार लावायचं. जिथला खडू पुसला जाईल तिथे घासतंय. तेवढंच, तेही हलक्या हाताने तासायचं, आणि लाकूड सुकलं की ती कड रंगवायला सांगायचं. उघडं लाकूड परत पाणी पितंच.

नळाचंही तसंच. अँगल कॉक, म्हणजे नळाला पाणी देणाऱ्या पाइपवरचा छोटा कॉक, बंद करून मूठ काढायची, पान्ह्याने स्पिंडल, म्हणजे पाणी चालू-बंद करणारा आतला भाग, सोडवायचा आणि जुना स्पिंडल हातात घेऊनच दुकानात जायचं. प्रत्येक कंपनीचे आटे आणि दाते वेगळे, अंदाजाने आणलेला बसत नाही. नवा बसवण्याआधी पाणी क्षणभर सोडून आतली रेती बाहेर काढा. ती राहिली तर नवा स्पिंडलही गळायला लागतो आणि गिऱ्हाईक म्हणतं, माल खराब लावला.

पेठांमधल्या जुन्या वाड्यांत दगड-मातीच्या भिंती आहेत. तिथे ड्रिल मारलं की एकतर काळ्या दगडावर बिट जळतं, नाहीतर मातीत भसकन आत जातं आणि प्लॅस्टिकची गिट्टी धरतच नाही. फोटोफ्रेम चालेल, पण टीव्ही तिथे टांगू नका. स्टँडवर ठेवा म्हणून स्पष्ट सांगा. भिंत कुठलीही असो, स्विचबोर्डाच्या सरळ वर-खाली आणि नळाच्या सरळ रेषेत भोक पाडायचं नाही. आत वायर किंवा पाइप असण्याची शक्यता तिथेच जास्त.

विजेबद्दल मी कडक आहे. पंखा हळू फिरतो म्हणून बोलावलं तर बहुतेक वेळा कपॅसिटर गेलेला असतो, साध्या छताच्या पंख्याला बहुधा 2.5 मायक्रोफॅरडचा लागतो. काम दहा मिनिटांचं. पण जुन्या घरात बटण कधी कधी न्यूट्रलवर बसवलेलं असतं, म्हणजे बटण बंद करूनही पंख्यात करंट असतो. म्हणून मेन बंद करायचा. आणि घरात इन्व्हर्टर असेल तर मेन बंद केल्यावरही पंखे आणि दिवे चालूच राहतात, म्हणून इन्व्हर्टरही बंद करायचा. मग मल्टिमीटरने तपासायचं आणि त्यानंतरच स्टूलवर चढायचं. नवीन वायरिंग, मीटरचं काम, लोड वाढवणं ही परवानाधारक ठेकेदाराची कामं आहेत. गॅसच्या नळीला तर हातच लावू नका, एजन्सीचा नंबर द्या. असं नाही म्हटल्याने गिऱ्हाईक तुटत नाही. पुढचं काम ते तुम्हालाच विचारून करतात.

आता पैसे. फोनवरच सांगून टाका की घरी येऊन बघण्याचे इतके आणि काम कितीही लहान असलं तरी कमीत कमी इतके. जाणं-येणं, पेट्रोल, दुकानाची फेरी, हत्यारांची झीज हे सगळं त्यात धरा. वॉशर बदलायला पाच मिनिटं लागली, पण तुमचा तास गेला. आजी म्हणणारच, “अरे बाळा, आलाच आहेस तर एवढी कडीपण बघ की.” बघा, जरूर बघा, पण त्याआधी गोड शब्दांत सांगा, “आजी, त्याचे वेगळे होतील हं, चालेल ना?” त्याहून बरं म्हणजे फोनवरच विचारायचं की घरात आणखी काय काय बिघडलंय, कागदावर लिहून ठेवा. एका खेपेत चार कामं झाली तर त्यांनाही स्वस्त पडतं आणि तुमचाही दिवस भरतो. डिकीत स्पिंडल, वॉशर, टेफलॉन टेप, कनेक्शन पाइप, कपॅसिटर, गिट्ट्या-स्क्रू कायम ठेवा, निम्म्या फेऱ्या वाचतात.

सामानाचं बिल गिऱ्हाइकाला दाखवायचं, मजुरी वेगळी सांगायची. दुकानदार कट देऊ करतात. तो लपवून घेतलेला मला पटत नाही, कारण पुण्यातला मुलगा तीच वस्तू मोबाइलवर किमतीसह बघत असतो. त्याला कामाआधीचा आणि नंतरचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा, बदललेला जुना भाग आजोबांच्या हातात द्या. मुलगा तिकडून पैसे पाठवतो आणि शेजारच्या काकांना तुमचा नंबरही देतो.

कागदपत्रांचं थोडक्यात. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान धंद्याची सरकारी नोंदणी, ऑनलाइन आणि फुकट होते, त्यासाठी कुणाला पैसे देऊ नका. सेवेच्या धंद्यात वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या आत असेल तर साधारणपणे जीएसटी नोंदणी लागत नाही. 2023 साली सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत सुतार, गवंडी धरून 18 पारंपरिक व्यवसाय आहेत, हत्यारांसाठी 15,000 रुपयांपर्यंत मदत आहे. प्लंबर आणि इलेक्ट्रिशियन त्यात नाहीत. घरचा व्यवसाय सुतारकीचा असेल तर चौकशी करा.

गणपतीच्या आधी आणि दिवाळीच्या तोंडावर फोन थांबत नाहीत. तेव्हा सगळ्यांना ‘उद्या येतो’ म्हणू नका. वहीत तारीख लिहा, जमणार नसेल तर तसं कळवा, आणि एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांचा नंबर आधी लावा. त्यांच्याकडे दुसरा पर्याय नसतो.