अमेरिकेच्या टॅरिफ आणि व्हिसावर वाद घालताय? मग या चुका टाळा

कॉलेजच्या वादविवाद स्पर्धांना परीक्षक म्हणून बसायचं आणि मुलांची तयारी करून घ्यायची, हे काम मी वर्षानुवर्षं करतेय. २०२५ पासून फिरून फिरून विषय एकच येतो: ट्रम्प सरकारची व्यापार आणि इमिग्रेशन धोरणं. विषय उत्तम आहे. कुणाच्या भावाचा व्हिसा त्यात अडकलाय, तर कुणाच्या वडिलांची टॉवेलची ऑर्डर. पण त्याच त्या चुका प्रत्येक फेरीत ऐकून कान किटलेत. त्या करणारी मुलं हुशार असतात, याचं जास्त वाईट वाटतं.

टॅरिफ कोण भरतं, हे न पाहता बोलणं

"अमेरिका भारताकडून ५० टक्के कर वसूल करते." हे वाक्य आलं की मी पेन खाली ठेवते. टॅरिफ म्हणजे आयात शुल्क, आणि ते भरतो अमेरिकेतला आयातदार. माल तिथल्या बंदरात उतरला की तिथल्या कस्टम्सला पैसे त्याने मोजायचे. आपल्या निर्यातदाराच्या खात्यातून अमेरिकन सरकारकडे थेट एक रुपया जात नाही.

एवढं कळलं की काही जण थेट दुसऱ्या टोकाला जातात. सप्टेंबर २०२५ मध्ये सोलापुरातल्या एका स्पर्धेत एका मुलाने ठणकावून सांगितलं, "भुर्दंड अमेरिकन ग्राहकाला, आपलं काय जातंय?" टाळ्याही पडल्या. टेरी टॉवेल निर्यात करणारे एक गृहस्थ पाहुणे म्हणून बसले होते. त्यांना दोन शब्द बोलायला सांगितलं, तर ते खडू घेऊन फळ्याकडेच गेले.

"शंभर रुपयांचा माल," त्यांनी लिहिलं. "नवं टॅरिफ पन्नास, नेहमीची ड्यूटी वेगळी. भरणार तिथला खरेदीदार, बरोबर. पण त्याचा मेल मला येतो: भार वाटून घ्या, नाहीतर ऑर्डर थांबवतो. मी दहा टक्के सूट दिली. माझा नफाच तेवढा होता. तरी पुढची ऑर्डर गेलीच." मग त्यांनी खाली तीन आकडे लिहिले: भारत ५०, बांगलादेश २०, पाकिस्तान १९. "आमचे स्पर्धक हे. खरेदीदार आमच्या ५० कडे एकटं बघत नाही, या दोघांच्या शेजारी ठेवून बघतो." मागच्या महिन्यात एक शिफ्ट बंद केली, एवढं सांगून ते खाली बसले.

कायद्याने कोण भरतं आणि शेवटी कुणाच्या अंगावर येतं, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. दुसऱ्याचं उत्तर मालागणिक बदलतं. २०१८ मध्ये अमेरिकेने आयात वॉशिंग मशीनवर टॅरिफ लावलं, तेव्हा तिथे मशीनच्या किमती सुमारे १२ टक्क्यांनी चढल्या. म्हणजे तिथे ग्राहकानेच सोसलं. कपडे वाळवणाऱ्या ड्रायरवर टॅरिफ नव्हतं, तरी तेही जवळपास तितकेच महागले, कारण दुकानात ही जोडी सोबत विकली जाते. टॉवेलच्या बाबतीत खरेदीदाराला दुसरा देश सहज मिळतो, म्हणून मार इकडे बसला.

माझी पद्धत सोपी आहे. तयारीला आलेल्या मुलाला मी एकच वस्तू निवडायला लावते. टॉवेल घ्या, कोळंबी घ्या, पैलू पाडलेला हिरा घ्या. कारखान्यापासून अमेरिकेतल्या दुकानापर्यंत प्रत्येक टप्प्यावर कोण कुणाला किती देतो, ते कागदावर मांडा. एक संध्याकाळ जाते. दोन मिनिटांचं रील बघून मंचावर चढायची घाई असलेल्यांना ही संध्याकाळ जड वाटते. पहिल्या प्रतिप्रश्नाला गप्प होतात तेही तेच.

तारीख न सांगता दर सांगणं

२ एप्रिल २०२५ ला भारतावर २६ टक्के जाहीर झाले. आठवड्यात त्याला स्थगिती आली आणि १० टक्के उरले. ७ ऑगस्टपासून २५ झाले, भारत रशियन तेल घेतो या कारणाने २७ ऑगस्टपासून ५०. यातला प्रत्येक आकडा खरा आहे, आपापल्या दिवशी. आणि ५० म्हणजे सगळ्या मालावर ५० नव्हे. औषधं आणि स्मार्टफोन त्यातून वगळलेले होते.

व्हिसा, ग्रीन कार्ड आणि चोरवाट एकाच वाक्यात कोंबणं

५ फेब्रुवारी २०२५ ला अमेरिकेचं लष्करी विमान १०४ भारतीयांना घेऊन अमृतसरला उतरलं. एच-वन-बीवर, म्हणजे कुशल परदेशी कर्मचाऱ्यांच्या नोकरीच्या व्हिसावर, बोलणारा वक्ता हमखास हे विमान मध्ये आणतो. कागदपत्रांविना सीमा ओलांडणारा माणूस आणि कंपनीने अर्ज करून बोलावलेला इंजिनीअर यांच्यावर वेगवेगळे नियम चालतात. दोघांची बाजू घ्या, हवी तर दोघांना विरोध करा, पण मुद्दे वेगळे मांडा.

१९ सप्टेंबर २०२५ चा गोंधळ आठवा. एच-वन-बीसाठी एक लाख डॉलर भरावे लागणार, असा आदेश निघाला. अमेरिकेच्या वाणिज्य मंत्र्यांनी ही रक्कम दरवर्षीची असल्याचं सांगितलं. सुट्टीवर भारतात आलेल्यांनी २१ तारखेला आदेश लागू व्हायच्या आत परत पोचायला मिळेल त्या भावात तिकिटं काढली. दुसऱ्याच दिवशी व्हाइट हाऊसने खुलासा केला: रक्कम एकदाच, फक्त नव्या अर्जांना, आधीपासून व्हिसा असणाऱ्यांना नाही. आदेशाचा मजकूर जेमतेम काही पानांचा आहे आणि सगळ्यांना खुला आहे. मी मुलांना तो मोठ्याने वाचायला लावते, बातमी त्यानंतर. फॉरवर्ड आलेला सारांश माझ्या खोलीत चालत नाही, एआयने काढून दिलेलाही नाही.

ग्रीन कार्डचं, म्हणजे तिथे कायम राहायच्या परवान्याचं, दुखणं तर याहून जुनं. नोकरीच्या आधारावर वर्षाला साधारण १,४०,००० ग्रीन कार्ड, त्यात कुटुंबीयही मोजलेले, आणि एका देशाला सर्वसाधारणपणे ७ टक्क्यांची मर्यादा. ही चौकट १९९० च्या कायद्याची. आपल्या माणसांची कैक वर्षांची रांग ओबामा आणि बायडन यांच्या काळातही होतीच. ती मोडायची तर काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, कायदा बदलायला हवा. अध्यक्षाच्या सहीने ती हलत नाही.

थोडक्यात आटोपण्यासारख्या

"हद्दपारी ट्रम्पनेच सुरू केली" असं म्हणू नका. ओबामांच्या काळात २०१२ च्या आर्थिक वर्षात चार लाखांहून अधिक लोकांना परत धाडलं होतं.

"अध्यक्षाच्या मनात आलं की टॅरिफ लागतं" हेही अर्धवट आहे. कर लावायचा अधिकार तिथल्या घटनेने काँग्रेसला दिलाय. अमेरिकेच्याच १९७७ च्या आणीबाणीविषयक कायद्याचा आधार घेऊन हे दर लावले गेले, आणि तो आधार तिथल्या आंतरराष्ट्रीय व्यापार न्यायालयाने मे २०२५ मध्येच अमान्य केला होता.

व्यापारी तुटीचा आकडा फक्त वस्तूंचा आहे की सेवाही धरल्यात, ते विचारा. आपली मुलं तिथल्या विद्यापीठांना जी फी भरतात, ती अमेरिकेची सेवा-निर्यात म्हणून मोजली जाते.

कांदा विसरणं

ही चूक मला सगळ्यात झोंबते, कारण ती महाराष्ट्रातल्या मुलांनी तरी करू नये. अमेरिकेवर तोंडसुख घेताना समोरून कुणी विचारतंच, "आणि तुमच्या सरकारने काय केलं?" ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क लावलं. डिसेंबरमध्ये निर्यातच बंद केली. मे २०२४ मध्ये बंदी उठली, तरी शुल्क राहिलं. ते पूर्ण जायला १ एप्रिल २०२५ उजाडला. लासलगावच्या शेतकऱ्याला हे धोरण पुस्तकातून शिकावं लागलं नाही.

म्हणून हा मुद्दा समोरच्याने काढायची वाट बघू नका, पहिल्या दोन मिनिटांत स्वतःच काढा. मग फरक सांगा. अमेरिकेने बाहेरून येणारा माल महाग केला, आपण बाहेर जाणारा अडवला. तिथे कारण दिलं देशी कारखान्यांचं, इथे शहरातल्या ग्राहकाच्या ताटाचं. आणि दोन्हीकडे, ज्याचा माल अडला त्याला आधी कुणी विचारलं होतं का, हा प्रश्न समोरच्या बाजूला टाका. त्याची तयारी करून आलेला वक्ता मला अजून भेटायचाय.