टायमिंग बेल्ट: रनिंग कमी, तरी बदललाच

सेकंडहँड डिझेल गाडी घेतली. रनिंग जेमतेम ५५,००० किलोमीटर, पण गाडी आठ वर्षांची आणि टायमिंग बेल्ट (इंजिनाचा क्रँकशाफ्ट आणि व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट एका तालात फिरवणारा दातेरी रबरी पट्टा) बदलल्याचं बिल नाही. बऱ्याच गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये ६०,००० ते १,००,००० किलोमीटर किंवा ठराविक वर्षं, जे आधी होईल ते, असा हिशोब असतो. रबर उभ्या गाडीतही म्हातारं होतं, त्यामुळे थांबलो नाही.

मेकॅनिकने कव्हर काढलं. बेल्ट वरून ठणठणीत. उलटा वाकवला तर दातांच्या मुळाशी बारीक चिरा. कडेला ऑइलचा ओलावा, म्हणजे कॅमशाफ्टचं सील गळत होतं. ते तसंच ठेवून नवा बेल्ट टाकला तर तोही ऑइलने खराब होणार, म्हणजे पैसे पाण्यात! सीलसोबत बेल्ट ताणून धरणारा टेन्शनर, त्याला दिशा देणारी आयडलर पुली आणि त्याच बेल्टवर फिरणारा वॉटर पंपही बदलून घेतला. खोलायची मजुरी नाहीतरी एकदाच पडते. क्रँक आणि कॅमच्या पुलींवरच्या टायमिंगच्या खुणा जुळवल्यावर क्रँक पान्याने हातानेच दोन फेरे फिरवायला लावला. खुणा पुन्हा जुळल्या, मगच स्टार्टर मारला.

चालत्या गाडीत बेल्ट तुटला असता तर या इंजिनात पिस्टन व्हॉल्व्हवर आदळून हेडच (इंजिनाचा व्हॉल्व्ह असलेला वरचा भाग) उतरवावं लागलं असतं. तारीख आणि रीडिंग आता कव्हरवरच मार्करने लिहून ठेवलंय.