आठवड्याच्या गाडीप्रवासात मुक्काम कमी ठेवा

सात दिवसांत सात मुक्काम ठरवू नका. तीन पुरेत, प्रत्येक ठिकाणी किमान दोन रात्री. रोज सामान बांधणं-सोडणं यातच सकाळ जाते आणि गावं नुसती काचेतून दिसतात. मुक्कामाचं गाव मधोमध निवडा, मग रिकाम्या गाडीने आसपास फिरा. एखादा दिवस गाडी न काढता पायी फिरण्यासाठी राखा; माझ्या मते सहलीतला तोच सर्वांत सुंदर दिवस असतो.

अरुंद, वळणदार रस्त्यावर ताशी ४० किमी सरासरी मिळाली तरी खूप. म्हणजे १६० किमीला चार तास, आणि थांबे वेगळेच. नकाशा दाखवतो त्या वेळेच्या दीडपट धरा आणि अंधारापूर्वी पोहोचा. गुरं, खड्डे, दिवा नसलेली सायकल रात्री फार उशिरा दिसतात.

टाकी अर्ध्यावर आली की भरून घ्या. नकाशा आधीच मोबाइलमध्ये उतरवून ठेवा. टायरची हवा सकाळी, गाडी थंड असताना तपासा. भरल्या गाडीसाठीचा आकडा बहुधा चालकाच्या दाराच्या चौकटीवर असतो. लांब उतारावर खालचा गिअर टाका, सतत ब्रेक दाबून ते तापवू नका.