पावसात स्विमिंग पूल हिरवा झाला तर
कोकणात पहिल्या जोराच्या पावसातच पूल हिरवे व्हायला लागतात, पावसाने क्लोरीन पातळ होतं आणि वरून आंब्याफणसाची पानं पडून कुजतात. लगेच क्लोरीन ओतत सुटू नका. आधी पानं जाळीने काढा, टेस्ट किटने पाण्याचा पीएच, म्हणजे आम्ल-अल्कलीचं माप, बघून ७.२ ते ७.६ मध्ये आणा, तो चढलेला असेल तर क्लोरीन नीट कामच करत नाही. मग भिंती, पायऱ्या, कोपरे ब्रशने खसाखसा घासा, बोटाला बुळबुळीत लागतंय तिथे शेवाळ अजून आहेच. शॉकचं क्लोरीन, म्हणजे एकदम दिलेला मोठा डोस, सूर्य मावळल्यावर टाका, उन्हात ते उडून जातं, फिल्टर रात्रभर चालू, सकाळी बॅकवॉश, म्हणजे उलटं पाणी सोडून फिल्टर धुणं. अ‍ॅसिड आणि क्लोरीन एकत्र कधीच नको, विषारी वायू होतो, हे गड्यालाही बजावून सांगा. क्लोरीन १ ते ३ पीपीएमवर (दहा लाख भागांत १ ते ३ भाग) उतरेपर्यंत पोरांना पाण्यात सोडू नका.