न्यो क्वेच्या पाण्यापर्यंत उतरायचंय, म्हणून ही तयारी

दिवाळीच्या सुट्टीत उत्तर व्हिएतनामला निघालेले बरेच जण तिथल्या 'हा झांग' या डोंगराळ भागाबद्दल विचारतायत म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. सगळ्यात आधी हे ठरवा की तिथली न्यो क्वे नदी नुसती वरून बघायचीय की खाली उतरायचंय. मा पी लेंग घाटातून ती हिरव्या रिबिनीसारखी दिसते, लोक फोटो काढतात आणि सटकतात, पण खरी मजा खाली 'तू सान' नावाच्या दरीत होडीत बसल्यावर आहे, दोन्हीकडे सात-आठशे मीटर कडे आणि मान वर केली की आभाळाची फक्त एक पट्टी. त्यामुळे अर्धा दिवस नदीसाठी मोकळा ठेवा, टूरवाल्याने प्लॅनमध्ये "व्ह्यूपॉइंट २० मिनिटं" लिहिलं असेल तर निघायच्या आधीच भांडून घ्या.

कागदपत्रं. ई-व्हिसा घरबसल्या होतो, सिंगल एंट्रीचे २५ डॉलर, फक्त नाव पासपोर्टवर आहे तस्संच टाका. आणि बाईकचं स्वप्न बघणाऱ्यांनो, आपल्या आरटीओकडून मिळणारं इंटरनॅशनल परमिट १९४९ च्या रस्ता वाहतूक करारातलं असतं आणि व्हिएतनाम १९६८ च्या करारातलं मानतो, म्हणजे ते तिथे चालत नाही, पोलिसांनी पकडलं तर दंड आणि पडलात तर इन्शुरन्सवाले हात वर करणार. मग काय, स्थानिक ड्रायव्हरच्या मागे बसायचं, त्याला तिथे ईझी रायडर म्हणतात, किंवा जीप घ्यायची. मी मागे बसले आणि खरं सांगू, बरंच झालं, वळणावर दरीत बघता तरी आलं.

मुंबईहून हनोईला थेट विमान आहे, पुढे हा झांग ३०० किमीच्या आसपास, स्लीपर बसने सहा-सात तास. बसमध्ये चढताना चपला-बूट काढून पिशवीत टाकावे लागतात, तेव्हा पायमोजे धड असू द्या!

कपड्यांचं नीट ऐका. हनोईत घामाघूम झाले म्हणून जाड जॅकेट हॉटेलातच ठेवून गेले आणि मा पी लेंगच्या धुक्यात दात वाजायला लागले, शेवटी ड्रायव्हरदादाचा रेनकोट अंगावर घेतला. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये बकव्हीटची (म्हणजे कुट्टूची) गुलाबी फुलं असतात आणि पाणीही हिरवंगार, म्हणजे आपली दिवाळी अगदी बरोबर पडते, पण सकाळ-संध्याकाळ गारठा असतोच. जून ते ऑगस्ट टाळा, दरडी पडतात आणि नदी गढूळ.

नदी येते चीनच्या युन्नानमधून, लुंग कू गावाजवळ व्हिएतनाममध्ये शिरते, एकूण १९२ किमी पण त्यातली जेमतेम ४६ इकडे, मग गाम नदीला मिळते, गाम लो नदीला, लो लाल नदीला, म्हणजे हे पाणी फिरून फिरून हनोईवरूनच जातं. मुद्दा असा की हा सगळा सरहद्दीचा भाग आहे, पासपोर्ट मूळ हवा, ड्रोन घरीच ठेवा.

घाटाचा रस्ता १९५९ ते १९६५ मध्ये पोरापोरींनी हाताने खोदलाय, मा पी लेंगच्या कड्यावर तर दोराला लटकून ११ महिने, त्यामुळे तिथे उभं राहून सेल्फी काढताना जरा खालीही बघा. होडीच्या धक्क्यापर्यंतचा उतार भयंकर तीव्र आहे, गुडघे कुरकुरत असतील तर गावातले बाईकवाले सोडतात, त्यांना 'से ओम' म्हणायचं, ओम म्हणजे मिठी, आणि त्या वळणांवर तुम्ही खरंच मिठी मारता. खाली नदी अगदी संथ, कारण पुढे वीजप्रकल्पाचं धरण आहे, त्या अडवलेल्या पाण्यामुळेच होडी जाते. तिकीट लाखभर डोंग, दचकू नका, तीन-चारशे रुपये होतात. पण २० हजार आणि ५ लाखाची नोट, दोन्ही निळ्या, अंधारात पैसे देताना शून्यं मोजा. सुट्टे रोख हनोईतूनच न्या.

खाणं. शाकाहाऱ्यांनी 'आन चाय' एवढं पाठ करा, चहा नाही मिळणार, शाकाहारी मिळेल, तरी फिश सॉस कुठेतरी डोकावतोच, म्हणून भडंग आणि शेंगदाण्याची चटणी बरोबर असू दे. मेओ वाक गावच्या रविवारच्या बाजारात मोठ्या कढईत थांग को नावाचा रस्सा शिजत असतो, तो घोड्याच्या मांसाचा, विचारूनच वाटी पुढे करा.

बाकी उलटीची गोळी, पॉवरबँक, मोबाईलला गळ्यात अडकवायचं पाऊच (एकाचा फोन माझ्या डोळ्यांसमोर डुबकन गेला). आणि परतीचं विमान हा झांगहून हनोईला पोचता त्याच दिवसाचं काढू नका, घाटात एक दरड पडली की तुमचं अख्खं टाईमटेबल बसलं.